आण्णांची २००५ ची स्प्लेंडर: इंजिन करावं की नवीन घ्यावी? (कृपया सांगा)

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, मार्च २००५ ची, एमएच ११ पासिंग. आण्णांनी (वडील) कारखान्यावर नोकरीला असताना घेतली. ते दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून गाडी माझ्याकडे. मी उंब्रजजवळ राहतो, नोकरी कराडला, रोजचं जाऊन येऊन ३५ किमी आणि त्यातलं बरंचसं हायवेने. मीटरची केबल कधी तुटली देवाला माहीत, त्यामुळे एकूण किती चालली ते विचारू नका.

तर झालंय असं की दिवाळीच्या आधीपासून गाडी धूर टाकायला लागली, पांढरा निळसर, मागचा माणूस हॉर्न मारून विचारतो भाऊ पेटली का काय. पिकअप गेलाय, चढाला दोन नंबरवर घ्यावी लागते, ॲव्हरेज ६५ द्यायची ती ४२ वर आलीय आणि ऑइल पिते ते वेगळंच, पंधरा दिवसाला पाव लिटर टाकतोय. एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही) गाडी स्टँडवरून खाली घेतलीसुद्धा नाही, नुसती रेस दिली आणि म्हणाला फुल इंजिन, १८ हजार, त्यापेक्षा एक्स्चेंजला टाका, ओळखीचं शोरूम आहे. शोरूमला गेलो तर नवीन स्प्लेंडर ऑन रोड ९२ हजार आणि जुनीचे ८ देतो म्हणाले. सप्टेंबरात जीएसटी २८ चा १८ झाला म्हणून एवढ्यात बसतेय म्हणे, नाहीतर लाखाला टेकत होती.

बायको म्हणते नवीन घ्या. आई काहीच म्हणत नाही. माझं मलाच कळेना. १८ हजार घातले आणि वर्षात परत काही निघालं तर? आणि नवीन घेतली तर हप्ता. हप्ता म्हटलं की पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोला.

आरएक्स_अजूनही | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०२

विकू नको. बास. टाकीवर हिरो होंडा लिहिलेली गाडी आता बनणार नाही भावा.

हिशेबी | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३५

भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

महिन्याला २५ दिवस × ३५ = ८७५ किमी. ४२ च्या ॲव्हरेजने २१ लिटरच्या आत-बाहेर पेट्रोल, ६५ च्या ॲव्हरेजने साडेतेरा. फरक साधारण सव्वासात लिटर, १०५ ने धरला तर पावणेआठशे रुपये. आता नवीन गाडीला २० डाऊन पेमेंट आणि ७२ हजार कर्ज तीन वर्षं, ११ टक्क्यांनी धरलं तरी हप्ता २३५० च्या आसपास येतो. म्हणजे पेट्रोल वाचवून हप्ता निघतो हे शोरूमचं गणित खोटं आहे. शिवाय दुरुस्त केलेली जुनी ५८ चं ॲव्हरेज जरी द्यायला लागली तर नवीच्या तुलनेत महिन्याला फरक उरतो पावणेदोनशे रुपयांचा. पावणेदोनशे!

पण दुरुस्ती १८ लाच थांबणार का हा खरा प्रश्न आहे आणि तो मला सोडवता येत नाही, तो गाडी उघडणाऱ्याने सोडवायचा.

बॅटरीवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दोन्ही नको. इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. रोज ३५ किमी म्हणजे युनिट-सव्वा युनिट लाईट, दहा-बारा रुपयांत विषय संपला. ना ऑइल ना क्लच ना धूर.

कृष्णाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

@बॅटरीवाला, विचार केला होता, पण किंमत परत लाखाच्या घरात जाते आणि मला शेतात पण गाडी न्यावी लागते, पावसाळ्यात आमच्या पाणंदीत स्कूटर गेली की चाकच दिसायचं नाही.

पाना_दहाबारा | १० नोव्हेंबर, दुपारी २.२०

२७ वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगं बघतंय, मी मोबाईल बघतो. म्हणून जरा लांबण लावतो.

न उघडता फुल इंजिन सांगणाऱ्याकडं गाडी लावायची नाही, पहिली गोष्ट. फुल इंजिन म्हणजे इंजिन फ्रेममधनं खाली उतरवून क्रँकपर्यंत (पिस्टनच्या रॉडनं फिरणारा खालचा दांडा) खोलायचं. हाफ इंजिन म्हणजे वरचं वर, हेड (वॉल्व्ह बसतात ते वरचं डोकं) आणि बोअर (ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो) पिस्टन, इंजिन फ्रेमातच राहतं. दोन्हीच्या खर्चात दुपटीचा फरक पडतो. धूर आला म्हणजे क्रँक गेला असं कुठल्या पुस्तकात लिवलंय?

आता घरच्या घरी बघायचं ते सांगतो. रात्रभर थांबलेली गाडी सकाळी किक मारल्यावर ढगभर धूर टाकते आणि दोन मिनिटात थांबते का? तर वॉल्व्हचं ऑइल सील गेलंय, हजारभराचं काम, पिस्टनला हात लावायची गरज नाही. आणि तापल्यावर रेस दिली की धूर वाढतोय, चालत्या गाडीत मागं पट्टा सुटतोय, तर पिस्टनच्या रिंगा न्हाईतर बोअर. मग प्लग काढा. काळा आणि ओला, बोटाला तेल लागतंय तर ऑइल जळतंय. काळा पण कोरडा, काजळीसारखा, तर ते कार्बोरेटरचं लफडं आहे, इंजिन बिचारं चांगलं आहे. मग किक हातानं दाबून बघा, पायानं न्हाई, हाताला अंदाज कळतो. सहज खाली गेली तर कॉम्प्रेशन (आतला दाब) न्हाई. अशा वेळी प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं, प्लग लावायचा, परत दाबायची. आता जड लागली तर रिंग-बोअर गेलेत, तेलानं फट भरली म्हणून जड लागली. तरी पण हलकीच लागली तर वॉल्व्ह बसत न्हाईत.

राहता राहिला क्रँक. त्याचा आवाज वेगळा असतो. टायमिंग चेन खळखळ करते, टॅपेट टिकटिक करतं, क्रँकचा रॉड खालनं ठोकतो, गाडीला लोड दिला की जास्त. हे तिन्ही कानाला वेगळे लागतात, आठ दिवस ऐकलं की तुम्हाला पण कळंल.

एवढं करा आणि मग सांगा. आणि हो, ऑइल किती आहे ते काडी पुसून बघा, ह्या इंजिनात मुळात ९०० मिलीच बसतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं म्हणजे काय होतं तुमचं तुम्ही समजा.

मिशिगनमधला_मी | १० नोव्हेंबर, रात्री ९.४८

काकांना दंडवत, असं समजावून सांगणारा माणूस इथे ताशी दीडशे डॉलर घेतो.

माझी भर एवढीच की इंजिनआधी सांगाडा बघा. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या इंजिनने मरत नाहीत, गंजाने मरतात, तीन लाख मैल चाललेलं इंजिन ठणठणीत असतं आणि खालची फ्रेम हाताने चुरते. तुमच्याकडे मीठ नाही पण २० वर्षांचा पाऊस आहे. चेसिस गेली असेल तर इंजिनात एक रुपया घालू नका.

पाना_दहाबारा | १० नोव्हेंबर, रात्री १०.१०

बरोबर बोलला पाहुणा. बॅटरीच्या खाली, डबल स्टँड जिथं बसतो तिथं आणि मागच्या चाकाच्या चिमट्याच्या बुशापाशी बघायचं. स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरा. कळकट निघालं तर हरकत न्हाई, टोक आत गेलं तर गाडी संपली.

आरएक्स_अजूनही | १० नोव्हेंबर, रात्री १०.५५

माझं ऐका मग. यामाहाची आरएक्स १००, शेवटच्या शेवटच्या लॉटमधली, ९६ ला बंद झाली ना ती. २०१९ ला १४ हजारात भंगार अवस्थेत घेतली आणि आजवर ८० च्या वर घातलेत. ओरिजिनल सायलेन्सरसाठी दोन वर्षं वणवण. पार्ट म्हणाल तो डुप्लिकेट. बायको तिला सवत म्हणते. रविवारी २० किमी फिरवतो आणि परत कव्हर घालतो. तरी विकणार नाही, का ते सांगता येत नाही.

हिशेबी | १० नोव्हेंबर, रात्री ११.०१

@आरएक्स_अजूनही, तुम्ही दुरुस्तीच्या बाजूने बोलताय की विरोधात तेच कळलं नाही 😄

आरएक्स_अजूनही | १० नोव्हेंबर, रात्री ११.०४

मलाही.

पण सिरियसली, स्प्लेंडरचं तसं नाही. ९४ ला आली ती अजून चालूच आहे, तेच ९७.२ सीसी इंजिन, बीएस सिक्सला (प्रदूषणाचा नियम) कार्ब जाऊन इंजेक्शन आलं एवढंच. त्यामुळे गल्लीच्या दुकानात पण तिचा पार्ट असतो. माझ्यासारखी वणवण नाही करावी लागणार.

कागदी_घोडा | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

सगळे इंजिनात घुसलेत, कागद कोणी विचारले का?

मार्च २००५ ची गाडी म्हणजे १५ वर्षं मार्च २०२० ला संपली. पुढे रिन्यू केली असेल तर ५ वर्षं, म्हणजे मार्च २०२५ ला तीही संपली. आज तुम्ही रोज हायवेला विनानोंदणी गाडी चालवताय. ॲक्सिडेंट झाला तर विमा कंपनी पहिलं हेच काढणार. आरसी कोणाच्या नावावर आहे?

कृष्णाकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी १.१५

आण्णांच्याच. २०२० ला त्यांनी रिन्यू केली होती, कार्ड सापडलं, त्यावर मार्च २०२५ च आहे. मी बघितलंच नव्हतं हो. इन्शुरन्स पण ऑगस्टला संपलाय. १५ वर्षं झाली की स्क्रॅपच करावी लागते असं पण कोणीतरी म्हणालं.

कागदी_घोडा | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

ते दिल्लीचं डोक्यात आहे लोकांच्या. आपल्याकडे पास होत असेल तर ५-५ वर्षांनी वाढवून मिळते.

क्रम असा लावा. आधी नाव, मग मुदत. मालक वारल्यावर ट्रान्सफरचा फॉर्म ३१ असतो, त्याला मृत्यू दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि आई, बहीण असतील तर त्यांची ना हरकत. खरं तर हे तीन महिन्यांच्या आत करायचं असतं, दोन वर्षं झाली म्हणजे थोडा दंड. मग नूतनीकरण, फॉर्म २५. इथे तुमचं नशीब थोडं खोटं आहे, ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या दुचाकीला फी २००० झाली, त्याआधी १००० होती. मुदत उलटल्याची लेट फी महिन्याला ३०० म्हणजे आठ महिन्यांचे २४००. पर्यावरण कर २०००. झाले ६४००. नवीन नंबर प्लेट (एचएसआरपी) ४५० अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. थर्ड पार्टी विमा ७१४ अधिक जीएसटी, पर्सनल ॲक्सिडेंट धरून अकराशे-बाराशे. पीयूसी. किरकोळ झेरॉक्स, स्टॅम्प, चहा धरून ९ हजारांच्या आत बसायला हरकत नाही. स्वतः केलं तर. एजंटला दिलं तर तो काय घेईल त्याच्या मूडवर.

आणि एक, इन्स्पेक्टर चेसिस नंबरचा ठसा बघतो. हँडलच्या खाली, मानेवर नंबर ठोकलेला असतो. तो गंजून पुसट झाला असेल तर पुढे सगळी कटकट. आजच कागद धरून पेन्सिल घासून बघा, सगळी अक्षरं उमटतात का.

निळी_जांभळी | ११ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मी गाडीतली तज्ज्ञ नाही, मागे बसणारी आहे. आमच्याकडे पण २००६ ची होती, तशीच. इंजिन करून घेतलं, यांनी महिनाभर कौतुकाने ऐकवलं आवाज कसा लोण्यासारखा झालाय. प्रश्न इंजिनाचा नव्हताच कधी. तिचा हेडलाईट गाडी हळू झाली की मिणमिणतो, रेस दिली की उजळतो. रात्री आठ वाजता सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये, समोरून ट्रक अप्पर मारत येतोय, धूळ, पट्टे नाहीत, आणि आपण वेग कमी केला की आपलाच दिवा जातो. पुढचा ड्रम ब्रेक पावसात दाबला तर दोन सेकंद काही होतच नाही. आम्ही एकदा खड्ड्यात गेलो, माझा हात मोडला, तेव्हा गाडी गेली.

१८ हजार, ९२ हजार सगळं ठीक आहे. तुमच्या घरातलं कोण मागे बसतं आणि किती वाजता, हे पण हिशेबात धरा.

हिशेबी | ११ नोव्हेंबर, रात्री ९.४१

ताई हे माझ्या कागदावर नव्हतं. मान्य.

बॅटरीवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५०

म्हणून म्हणतो डिस्क ब्रेक, एलईडी लाईट, इलेक्ट्रि

चहाटळ | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५२

चार्जिंग संपलं वाटतं.

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

अपडेट.

काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. सकाळी किक मारल्यावर धूर कमी आणि तापल्यावर रेस दिली की जास्त. प्लग काळा ओला. किक हाताने दाबली तर सायकलच्या पॅडलसारखी खाली गेली, चमचाभर ऑइल सोडलं आणि परत दाबली तर चांगली जड. म्हणजे रिंग-बोअर ना काका? खालून ठोकल्याचा आवाज नाही, खळखळ आहे डाव्या बाजूला.

चेसिस टोकरली. बॅटरीचा डबा गंजून भोक पडलंय, हात घातला तर तुकडाच हातात आला, पण मेन पाईप घट्ट आहेत. नंबरचा ठसा घेतला, सगळीच्या सगळी अक्षरं स्वच्छ. पोरगी शाळेच्या वहीत नाण्याचा ठसा घेते तशी शेजारी बसून बघत होती, तिनेही एक घेतला.

@निळी_जांभळी ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली यांना सांगा मी हेच तीन महिने सांगतेय.

पाना_दहाबारा | १२ नोव्हेंबर, रात्री १०.४०

हाफ इंजिन. डाव्या बाजूची खळखळ म्हणजे टायमिंग चेन, ती पण वरच्या कामात येते. दुसऱ्या गॅरेजला जा आणि अट घाला, माझ्यासमोर उघडायचं, आणि काढलेला प्रत्येक पार्ट मला परत द्यायचा. ही अट ऐकून ज्याचं तोंड वाकडं होईल त्याच्याकडनं चाबी परत घ्यायची.

चहाटळ | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१०

माझ्या एका मित्राने सगळं इंजिन बदललं म्हणून १४ हजार दिले, सहा महिन्यांनी दुसऱ्याने उघडलं तर आत रिंगा फक्त नवीन, पिस्टन तोच धुऊन बसवलेला. काका बोलतात ते सोन्याने मढवून ठेवा.

कृष्णाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

आज रविवार, सकाळी नऊ ते चार गॅरेजलाच होतो. हे गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, एक वयस्कर मिस्त्री आणि एक पोरगा. अट सांगितली तर मिस्त्री म्हणाला बसा की मग, खुर्ची आणा रे.

हेड उतरवलं, बोअर वर खेचला, पिस्टन दिसला. वर काजळीचा थर, नखाएवढा जाड. मिस्त्रीने रॉड धरून वरखाली ओढून बघितला, काही हललं नाही, आडवा जरा हलतो, तो हलणारच म्हणाला. म्हणजे क्रँक चांगला. १८ हजारवाल्याचं नाव मी मनातल्या मनात घेतलं.

मग त्याने पिस्टन काढला, रॉकेलमध्ये बुडवला आणि तारेच्या ब्रशने वरची काजळी काढायला लागला. काढता काढता थांबला आणि मला विचारलं, "आधी कुठं केलंवतं काम?" मी म्हटलं कुठं नाही, इंजिन कंपनीचंच आहे, आण्णा कायम सांगायचे इंजिनला हात नाही लागलेला. तर त्याने पिस्टन माझ्यासमोर धरला. माथ्यावर ०.७५ ठोकलेलं. म्हणाला हा पाऊण पॉइंट ओव्हरसाईज पिस्टन आहे, कंपनीचा बोअर ५० चा असतो, हा घासून मोठा केलेला आहे, आणि एकदम पाऊणवर सहसा कोणी जात नाही, दोनदा तरी इंजिन झालंय.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, २०१२ च्या सुमारास आठ-दहा दिवस एसटीने जायचे, विचारलं तर म्हणाले गाडी मित्राला दिलीय लग्नाला. बहिणीच्या कॉलेजच्या फीचं ते वर्ष होतं. दुसऱ्या वेळचं तिलाही माहीत नाही.

असो. तर आता प्रश्न, मिस्त्री म्हणतो दोन रस्ते. लेथवर बोअर अजून एक नंबर मोठा करून १.०० चा पिस्टन टाकू, स्वस्तात होईल, किंवा नवीन ब्लॉक किटच (बोअर आणि पिस्टन दोन्ही नवीन) टाकू. काय करू?

पाना_दहाबारा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.५५

किट. डोळे झाकून किट. १.०० हा शेवटचा नंबर, त्याच्यापुढं जागा न्हाई. लेथवाला हुशार असेल तर ठीक, पण आजकाल स्प्लेंडरचं बोअर घासायला पैसे वाचतात तरी किती, हजार-बाराशे. त्यात फिटिंग सैल बसलं तर पिस्टन खडखडतो आणि घट्ट बसलं तर हायवेला जाम होतो. किट कंपनीचंच घ्या, होलोग्राम बघून, बिलासकट. हेडचे वॉल्व्ह आणि सील त्याच्याबरोबरच करा, खालून कॉम्प्रेशन नवीन झालं आणि वर वॉल्व्ह जुने राहिले तर महिन्यात परत धूर.

आणि आण्णांचं म्हणाल तर आमच्याकडं असे लई यायचे. घरी सांगू नका म्हणून सांगून जायचे.

मिशिगनमधला_मी | १६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

तो जुना पिस्टन फेकून देऊ नका राव.

कागदी_घोडा | १७ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

आणि एखाद्या दिवशी भंगारात द्यायची वेळ आलीच तर तशीच कबाड्याला देऊ नका, आधी आरटीओत नोंदणी रद्द करा. नाहीतर गाडी कुठेतरी वाळूच्या ठेक्यावर फिरत राहते आणि नोटीस आण्णांच्या नावाने घरी येते. मी पाहिलंय.

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

झाली गाडी. बिल लिहितो, पुढं कोणाला उपयोगी पडेल. ब्लॉक-पिस्टन किट ३२००, हेडचं काम वॉल्व्ह आणि सीलसकट १४००, टायमिंग चेन ९००, क्लच प्लेटा ६५० (उघडलंच आहे तर करून घ्या म्हणाला, जुन्या बघितल्या तर खरंच काळ्याकुट्ट होत्या), चेन-स्प्रॉकेट १२००, पॅकिंग २५०, कार्ब किट ३५०, ऑइल ४००, मजुरी २५००. टोटल १०,८५०. बॅटरीच्या डब्याला वेल्डिंग फुकट मारून दिलं. सगळे जुने पार्ट पिशवीत घालून दिले, ती पिशवी चार किलोची असेल.

कागदांचं चालू आहे. घोडासाहेब, ऑनलाईन अडकलो होतो, आरसीला आण्णांचा मोबाईल नंबर लागलेला आणि ते सिम कधीच बंद, ओटीपी कुठं जातोय काय माहीत. शेवटी कराडच्या ऑफिसला अर्ज दिला नंबर बदलायचा, तो झाला, आता फॉर्म ३१ भरलाय. बहीण सह्या करायला साताऱ्याहून आली आणि गाडी बघून म्हणाली ही अजून आहे? तोवर गाडी हायवेला काढत नाही, एसटीने जातोय. दंड पण नको आणि विमा पण नाही.

निर्णय म्हणाल तर असा आहे की गाडी ठेवतोय, गावात, शेतात आणि दिवसा कराडला. रात्री बायको-पोरीला घेऊन हायवेला नाही, हे घरात कबूल केलंय.

हिशेबी | २३ नोव्हेंबर, रात्री ९.१५

१०,८५० अधिक कागदांचे ९ म्हणजे २० च्या आत. नवीचं डाऊन पेमेंट झालं असतं तेवढ्यात, हप्ते पुढे तसेच.

एक सुचवतो, पटलं तर. नवीन घेतलीच आहे असं समजून २३५० ची आरडी चालू करा. दोन वर्षांत छप्पन हजार अधिक व्याज जमतं. तेव्हा गाडीने दगा दिला तर रोखीने चांगली डिस्क ब्रेकवाली सेकंड हँड येते, नाही दिला तर पैसे तुमचेच.

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ९.२२

हे बायकोला आवडलं. बँकेत उद्याच जातो.

निळी_जांभळी | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

दिवसा पण हेडलाईट नीट करून घ्या 🙏

पाना_दहाबारा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.००

रिफ्लेक्टर पिवळा पडला असंल, बदला, अडीचशे-तीनशेत येतो. अर्थिंगची वायर घासून परत आवळा, निम्मा उजेड तिथंच मरतो. एलईडी बल्ब स्वस्तातला घालू नका, ह्या गाडीला हेडलाईट थेट मॅग्नेटवर चालतो, लुकलुकत बसंल. पुढचे ब्रेक शू आणि केबल दोन्ही बदला, नुसते शू घालून काय होत न्हाई. आणि पेट्रोलचं एक, आता २० टक्के इथेनॉल असतं, पाणी ओढतं. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बमधलं पेट्रोल संपवून बंद करायची, न्हाईतर जेट चोंदतंय आणि टाकीला आतनं गंज.

चहाटळ | २३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

पिस्टनचं काय केलं ते सांगा.

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मी घासूनपुसून टीव्हीशेजारी ठेवला होता. आईने उचलून पिशवीत टाकला, म्हणाली भंगारवाला बुधवारी येतो, ॲल्युमिनियमला भाव आहे. नंतर परत काढला मी. बुधवारपर्यंत काय होतंय बघू.

कृष्णाकाठ | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.१०

काका एक विचारायचं राहिलंच, नवीन किट टाकलंय तर रनिंग कशी करायची? मिस्त्रीने सांगितलं होतं पण गडबडीत विसरलो.

पाना_दहाबारा | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.३५

पहिले ५०० किमी ४०-४५ च्या वर न्हाई. एकाच स्पीडला लांब पळवायची न्हाई, कमी-जास्त करत ऱ्हायचं. चढाला खालच्या गिअरवर, रेस ओढून न्हाई. ५०० ला ऑइल बदला, त्यात चांदीसारखा चुरा दिसंल, घाबरू नका. आणि ५०० होईपर्यंत डबलसीट बसवायचं न्हाई, एकट्यानंच चालवायची.

कृष्णाकाठ | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.४१

डबलसीट नाही का? आई शेतात जायचं म्हणून पंधरा मिनिटं झाली मागं बसून आहे, पिशवी मांडीवर घेऊन. आता तिला उतर कसं म्हणू.

पाना_दहाबारा | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.४३

शेत किती लांब?

कृष्णाकाठ | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.४४

दीड किमी.

पाना_दहाबारा | ३० नोव्हेंबर, सकाळी ९.४५

दोन नंबरवर जावा हळू.